पाया पडत्ये, पण बोलत्ये

आधी ती डोक्यावरचा पदर दोन्ही कानांमागे नीट खोचायची. मग पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवायची आणि हात जोडून म्हणायची, “पाया पडत्ये, पण बोलत्ये.”

रत्नागिरीतल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत हे शब्द कानावर पडले की भल्याभल्यांना घाम फुटे. कारण पुढे जे यायचं ते खरं असायचं, आणि चारचौघांत यायचं.

आम्ही तिला मावशी म्हणत असू. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करी. पावस गावाच्या बाजूच्या एका महारवाड्यात तिने आणि नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला. नवरा लवकर गेला, तेव्हा ती चालत रत्नागिरीत आली आणि इथलीच झाली. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, जिच्यासमोरून जाताना माणूस उगीच सदऱ्याची बटणं चाचपतो.

एकदा पाळकसाहेबांचा उपदेश फारच लांबला. उपासना सुटल्यावर ही दारात उभी. “साहेब, पाया पडत्ये, पण बोलत्ये. मोशेनं लोकांना रानात फिरवलं, पण त्यांना खायला आभाळातून मान्ना तरी पडत होता. माझ्या पोरी उपाशी हायत आणि भात चुलीवर हाय.” साहेब हसले. पण पुढच्या रविवारपासून आम्ही सगळेच वेळेवर जेवू लागलो.

हे झालं वडीलधाऱ्यांचं. धाकट्यांसाठी तिची रीत वेगळी होती. आधी हाक मारून चुलीपाशी बसवायची, गरम घावन आणि गूळखोबरं पुढे ठेवायची, आणि शेवटचा घास पोटात गेला की बोलायची. त्यामुळे मावशीने घावन वाढलं की तोंडाला पाणी सुटायचं आणि आपलं काय चुकलं ते आठवू लागायचं, दोन्ही एकदमच.

प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांनी एका पेल्यातून घोटघोट घ्यायचा, द्राक्षारस तिच्याच हातचा असे. खरा द्राक्षारस आम्हाला कुठला मिळायला? मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून गाळून ती तो करी. आदल्या दिवशी दुपारभर मांडीवर सूप घेऊन मनुका निवडत बसे, आणि तेवढा वेळ कुणाशी बोलत नसे.

आता माझ्या घराविषयी सांगायला हवं. माझे वडील शाळेत मास्तर आणि मंडळीचे पंच. माझ्या आजोबांनी जानवं उतरवून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा सख्ख्या भावांनी त्यांना घरची विहीर बंद केली होती. ही गोष्ट बाबा दर नाताळात मंडळीपुढे सांगत.

त्याच बाबांनी आणि इतर पंचांनी एका वर्षी ठरवलं की प्रभुभोजनाला दोन पेले असावेत. आत्तापर्यंत एकच चांदीचा पेला सगळ्या बाकांवरून फिरत असे. पण खेड्यांतल्या महारवाड्यांतून नवीन कुटुंबं मंडळीत आली होती, ती मावशीसारखीच मागच्या बाकांवर बसत. आता चांदीचा पेला पुढच्या बाकांना आणि कथिलाचा मागच्यांना. कारण दिलं तापाच्या साथीचं. गावात तेव्हा हिंदूंच्या सभा चालल्या होत्या, सगळ्यांनी एका पंगतीला बसावं म्हणून. आम्ही आमच्या ओसरीवर बसून त्यांना हसत होतो, की जातीचा हा गुंता आमच्याकडे केव्हाच सुटला. आमच्यातल्या जुन्या घरांना हे छापलेलं आवडणार नाही. पाया पडतो, पण लिहितो.

पेले फिरवायचं काम माझ्याकडे होतं. त्या शनिवारी संध्याकाळी मी रस आणायला गेलो, तर मावशीने घावन पुढे ठेवलं.

“खा.”

मी खाल्लं.

“उद्या दोन पेले निघणार, असं ऐकत्ये.”

“पंचांनी ठरवलंय, मावशी. तापामुळे.”

“ताप तर तुमच्याच घरात होता. मागल्या बाकावर कोण आजारी पडलं, सांग मला.”

मी ताट घेऊन उठलो.

“माझे हात चालतात. हातांनी पिळलेला रस चालतो. तोंड तेवढं चालत नाय. तू मास्तरांशी बोल.”

“मी बाबांना कसा बोलू?”

“बापाला टाकून बोलू नये, खरं हाय. त्याचे पाय धरावे आणि बोलावं. गप बसावं असं कुठं लिहिलंय? मी बोलल्ये तर मास्तर हरल्यासारखे होतील. लेकानं सांगितलं तर घरातल्या घरात मिटेल.”

“बोलतो,” मी म्हणालो.

घरी बाबा ओसरीवर बूट पुसत बसले होते. त्यांनी विचारलं, “रस आणलास?” मी म्हटलं, “हो.” त्या संध्याकाळी मी बाबांशी एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी मी ताट घेऊन निघालो. ताटात दोन पेले. मावशीने ते शेवटच्या बाकावरून पाहिले, मग माझ्याकडे पाहिलं. पदर खोचला, वहाणा काढल्या आणि मधल्या वाटेने पुढे आली.

“मास्तर, पाया पडत्ये, पण बोलत्ये. तुमच्या वडलांना भावांनी विहीर बंद केली, ही गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगता. आम्ही ऐकून रडलो हावोत. आज तुम्ही आमची विहीर बंद करताय.”

बाबांचा चेहरा पांढरा पडला. “बाई, बसा खाली. हा आरोग्याचा प्रश्न आहे.”

“बसत्ये. ह्या पेल्यातलं पिणार नाय. मंडळी पण सोडणार नाय. मंडळी माझी हाय.”

आणि जाऊन बसली. कथिलाचा पेला तिच्यापर्यंत आला तेव्हा उठून उभी राहिली, हात जोडले, ओठ मिटले. पुढच्या प्रभुभोजनाला तिच्या शेजारची म्हातारी उभी राहिली. वर्ष उलटेपर्यंत सगळं मागचं बाक उभं राहू लागलं. पेला भरलेला जायचा आणि भरलेला परत यायचा, आणि पंच तिकडे बघायचे नाहीत. तरी रस करणं तिने थांबवलं नाही. कुणीतरी खोचून विचारलं, तेव्हा म्हणाली, “रस प्रभूचा हाय. पेला पंचांचा.”

मला मात्र तिने पुन्हा कधी घावन वाढलं नाही. शनिवारी गेलो की उंबऱ्यावरूनच भांडं हातात द्यायची आणि “सलाम” म्हणायची. एका शब्दाने बोलली नाही. जिने पाळकसाहेबांनाही सोडलं नाही, तिने मला सोडून दिलं होतं. हे दहा माणसांत उभं करून फटकारण्यापेक्षा वाईट, असं मी आज सांगू शकतो. तेव्हा मी बरंच झालं असं म्हणत असे.

अशी वर्षं गेली. मग ती अंथरुणाला खिळली. मी चांदीचा पेला आणि उरलेल्या रसाची बाटली सदऱ्याखाली लपवून तिच्या खोलीवर गेलो. मला बघून ती उशाशी बसलेल्या बोर्डिंगातल्या पोरीला म्हणाली, “त्याला घावन दे.”

माझे डोळे भरून आले. ती बोलणार होती. मी शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

“मास्तरांशी बोललास?”

“नाही.”

“म्हणजे हा चोरून आणलास.”

“मावशी, तुझ्यासाठी आणला.”

“मला काय तहान लागली नाय, बाळा. मला माझ्या बाकावर बसून प्यायचं हाय, सगळ्यांच्या देखत. परत ने.”

मी परत नेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी मीच मनुका भिजवल्या. संध्याकाळी ओसरीवर बाबांपुढे उभा राहिलो. त्यांना आता कमी दिसत असे. मी वहाणा काढल्या.

“बाबा, पाया पडतो, पण बोलतो. उद्या एकच पेला निघेल. आणि तो मागच्या बाकापासून निघेल.”

बाबांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, “तुझंही मत आमच्यासारखंच आहे, असं मी धरून चाललो होतो. ताट घेऊन तर तूच उभा असायचास.”

“मी तेव्हाच बोललो असतो, तर ऐकलं असतंत?”

“माहीत नाही. तू बोलला नाहीस.”

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी शेवटच्या बाकापासून सुरुवात केली. पुढच्या बाकांवरचे काही जण उठून बाहेर गेले. एक जण जाताना म्हणाला, “मास्तरांच्या घरात हे व्हावं!” मी थांबलो नाही. बाबा बसून राहिले. पेला त्यांच्याकडे सगळ्यांच्या शेवटी पोचला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि प्यायले.

रस तुरट झाला होता. मनुकांची देठं आधी काढायची असतात, हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी तोंड वाकडं न करता गिळला, आणि उपासना सुटल्यावर कुणी मला एका शब्दाने काही म्हणालं नाही.