फक्त बघण्यापुरतं लॉगिन

त्या रविवारी मी शांतारामदादांच्या फोनला घाबरून होते. बाह्यरुग्ण विभाग बंद असल्याने सर्व्हर रूममध्ये बसून नेटवर्कच्या स्विचचं सॉफ्टवेअर नवं करत होते, आणि दर रविवारी दहाच्या सुमारास येणारा त्यांचा फोन आज येऊ नये असं मनापासून वाटत होतं. साडेनऊलाच आला. नंबर दादांचा, आवाज त्यांच्या मुलाचा, महेशचा. "मेघाताई, बाबा गेले. सकाळी आंब्याच्या कलमांना पाणी लावायला गेले होते, तिथेच..." काम अर्धवट सोडलं असतं तर अख्खं रुग्णालय बंद पडलं असतं, म्हणून मी पडद्यावरचे आकडे बघत बसून राहिले. बासष्ट टक्के... त्रेसष्ट... आणि लाज वाटते सांगायला, पण पहिल्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. असं का वाटलं, तेच लिहायला बसले आहे.

रत्नागिरीतल्या आमच्या खासगी रुग्णालयात दादा वायरमन म्हणून लागले, ते संगमेश्वरजवळच्या खेड्यातून. पहिला संगणक आला तेव्हा चिऱ्याच्या भिंतीला भोक पाडून केबल ओढणारे तेच, आणि पुढे वीस-बावीस वर्षं नेटवर्क म्हणजे दादा. मी पदवी घेऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, आता मी यांना शिकवणार. पहिल्याच दिवशी मी केबलला बसवलेलं टोक त्यांनी कापून टाकलं. "डिग्री भिंतीला लाव, बाय. हे परत कर." मी फणफणले आणि परत केलं. तेव्हापासून आमचं जमलं.

त्यांची एक सवय होती. केबलचं मोकळं टोक कधी लोंबकळत ठेवायचं नाही. आमच्याकडची खारी हवा तांब्याला हिरवं करते, रिकाम्या पोर्टात, म्हणजे केबल खोचायच्या खाचेत, मुंग्या घर करतात, म्हणून मोकळी टोकं खोचून ठेवायला त्यांनी एक जळलेला जुना हब, म्हणजे केबल जोडायची पेटी, मुद्दाम कपाटात ठेवला होता. मी हसायचे, पण केबल मात्र आमच्या वर्षानुवर्षं टिकायच्या.

मग नवी यंत्रणा आली. सगळे स्विच आता संगणकावरच्या एका डॅशबोर्डवरून चालणार, मोबाइलवरही दिसणार. बसवायला आलेल्या लोकांनी जळका हब भंगारात काढला. दादा दोन दिवस तो डॅशबोर्ड लांबूनच बघत होते. मग मला म्हणाले, "यात हात कुठे घालायचा, ता तरी सांग गो." मी म्हटलं, सांगते सावकाश. सावकाश कधी आलंच नाही.

महिनाभरात एका सोमवारी सकाळी, ऐन गर्दीत, सगळं ठप्प झालं. नोंदणी बंद, प्रयोगशाळेचे अहवाल बंद. वर शस्त्रक्रियागृहात एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नव्हता आणि तिच्या रक्ताचा अहवाल खाली संगणकात अडकला होता. शेवटी एक परिचारिका कागदावर उतरवून तो घेऊन जिन्याने पळत गेली. आम्ही स्विचचं एकेक कपाट उघडून बघत होतो. चाळीस मिनिटांनी मला दिसलं. एका केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. तीच माहिती आत गोल गोल फिरत राहते आणि सगळ्यांचा रस्ता अडतो. हब नव्हता, म्हणून दादांनी मोकळं टोक जवळच्या रिकाम्या पोर्टात खोचून ठेवलं होतं. मी ते उपटलं आणि सगळं सुरू झालं. बाई वाचली.

बैठकीत प्रशासक साहेबांनी विचारलं, "कशाने झालं?" मी सांगितलं, केबलमुळे. दादांनी मान खाली घालून कबूल केलं. त्यात खोटं काहीच नव्हतं... पण ते अर्धंच होतं. असं टोक चुकून कुणी घातलं तर ते पोर्ट आपोआप बंद व्हावं, अशी सोय या स्विचमध्ये असते. ती सुरू करण्याचं काम माझ्याकडे होतं आणि माझ्याकडून राहिलं होतं. त्या संध्याकाळी मी गुपचूप ती सुरू केली. दादांचं लॉगिन काढून घेतलं गेलं आणि त्यांचं टेबल तळमजल्यावरच्या भांडारात गेलं.

मला वाटलं, माणूस खचेल. त्यांनी उलट नेटवर्किंगचा ऑनलाइन अभ्यासक्रम घेतला. पन्नाशी उलटलेली, इंग्रजी जेमतेम. रविवारी गावाहून फोन करायचे, वहीत उतरवलेले प्रश्न विचारायचे, आणि मी इतक्या आपुलकीने शिकवायचे की ते मलाच टोचायचं. मनात भीती एकच. तो धडा कधीतरी येणार.

आला. फोनवर पानं उलटल्याचा आवाज झाला. "मेघा, हे टोक चुकून घातलं तर पोर्ट बंद पडायची सोय हाय म्हणतात... आपल्याकडे ती चालू होती काय गो, त्या दिवशी?"

मी म्हटलं, "आता आहे."

वही मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरा. ठेवतो." आणि पुढचा आठवडाभर मी भांडाराकडे फिरकले नाही. एकदा जिन्यात त्यांचा खोकला ऐकून परत वर गेले. पुढचा रविवार कसा गेला, ते वर लिहिलंच आहे.

तेराव्यानंतर मी साहेबांना सगळं सांगितलं. "आता कशाला उकरायचं?" असं म्हणून त्यांनी दुसरी फाइल ओढली. म्हणून इथे लिहिते आहे. ज्यांनी ज्यांनी त्या दिवशी बैठकीत 'म्हातारा झाला, झेपत नाही' म्हटलं, त्यांनी वाचावं.

गेल्या आठवड्यात डॅशबोर्डवर जुनी खाती साफ करताना 'प्रलंबित विनंत्या' हे पान उघडलं. त्या पानाकडे मी महिनोन्महिने बघत नाही. तिथे नव्या लॉगिनसाठी एकच विनंती होती, दादांची. पोर्टबद्दल विचारलेल्या त्या फोननंतरच्या सोमवारी सकाळी केलेली. लॉगिनचा प्रकार : फक्त बघण्यापुरतं. खाली कारणाच्या रकान्यात त्यांनी मराठीत लिहिलं होतं, 'मेघा मॅडम एकट्या पडतात. कुणाच्या नजरेतून काही राहू शकतं. दुसरं माणूस बघायला असावं.'

त्याखाली दोन बटणं आहेत, मंजूर आणि नामंजूर. रोज सकाळी कामाला बसले की आधी मी ते पान उघडते. अजून एकही बटण दाबलेलं नाही.