न रडणाऱ्या मुलांचा हॉल

पडदा वर जातो, आणि आधी ऐकू येतं ते रडणं. मग हळूहळू दिसू लागतात ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या दोन खोल्या, भिंतीशी रचलेल्या गाद्या, खिडकीच्या गजांवर वाळणारी दुपटी, आणि मधोमध उभी असलेली मावशी. एक पोर तिच्या कडेवर, एक गुडघ्याला लटकलेलं, आणि तिसऱ्याचं नाक ती पुसत असलेली. हे तिचं पाळणाघर.

लग्न होऊन आली त्या वर्षी तिने शेजारणीचं एक बाळ सांभाळायला घेतलं होतं. मग बाळं येतच राहिली. तिच्या हाताखालून गेलेले बाप्ये आता बसस्टॉपवर तिला बघून सिगारेट पाठीमागे लपवत. माणूस मोठ्या मनाची, पण दिवसभराच्या भोकाडाने संध्याकाळी तिचे कान नुसते घणघणत. नवरा लिफ्टदुरुस्तीचं काम करायचा. त्याने घरी येऊन टीव्ही लावला की ती म्हणे, "बघा हो खुशाल, पण मुक्याने."

पोटची पोर एकच, भिंगरी. सात वर्षांची. पाय जमिनीला लागले तर शपथ! दाराच्या चौकटीत चढून वटवाघळासारखी लोंबकळायची, आणि तोंडाचा पट्टा उलटं लटकूनही चालूच. एकदा कपाटावरून थेट बाळांच्या गादीवर उडी मारली, तेव्हा मावशीने हात टेकले.

"हिला जिम्नॅस्टिक्सला घाला," नवरा म्हणाला. "निदान पडेल ती गादीवर पडेल."

मग क्लब बघणं सुरू झालं. पहिला क्लब पत्र्याच्या शेडमध्ये. गळ्यात शिट्टी अडकवलेले ढेरपोटे सर, घामाचा वास, आणि कोलाहल असा की शिट्टीसुद्धा ऐकू येऊ नये. एक मुलगा बीमवरून घसरला आणि त्याने जे भोकाड पसरलं! सरांनी त्याला तसाच उचलून खांद्यावर टाकला आणि मावशीशी बोलत राहिले. "रडू दे की, किती जोरात पडला ते त्यावरूनच कळतं," ते हसत म्हणाले. मावशीने हसण्यापुरतं हसून कानावर हात ठेवले.

दुसरा क्लब उंच छताच्या हॉलमध्ये. दाराच्या काचांना आतून कागद डकवलेले. मॅडमनी दार जरासं किलकिलं केलं आणि आत बघू दिलं. पांढऱ्या खडूची धूळ उन्हात तरंगत होती. मुलं ओळीने पाय ताणून बसलेली. कुणी हसत नव्हतं, कुणी खोकत नव्हतं. मॅडमचा आवाज तर एखाद्याला झोपवावं तसा, मऊ. "सात... आठ... नऊ..."

मावशीला वाटलं, कुणीतरी कानात थंडगार तेल सोडलं.

"किती शिस्त आहे हो!" ती वाटेत म्हणाली.

"ते शेडवाले सर बरे वाटले मला," नवरा म्हणाला. "क्लास पोरीसाठी शोधतेयस की तुझ्या कानांसाठी?"

"तुम्ही लिफ्ट सांभाळा. मुलांचं मला कळतं."

मुलांचं तिला कळत होतंच की.

भिंगरी मॅडमकडे जाऊ लागली. महिन्याभरात कपाटावरून उड्या थांबल्या. चौकट सुटली. पट्टा बंद पडला. ड्रायक्लीनरने एकदा जिन्यात विचारलं, "पोरगी आजारी आहे का हो?" मावशी अभिमानाने म्हणाली, "वळण लागलंय." एका संध्याकाळी दारात भिंगरीचं बोट चेमटलं. ती गप्प उभी राहून भिंतीकडे बघत राहिली. नख काळं पडलेलं मावशीला दुसऱ्या दिवशी आंघोळ घालताना दिसलं. तिने बोट हातात घेऊन निरखलं. पण तेवढ्यात बाहेर दोन बाळं एकदम रडू लागली आणि ती तिकडे धावली.

मग ती दुपार आली. मावशी स्वयंपाकघरात दुधाच्या बाटल्या उकळत होती. बाहेरचा गलका एकाएकी थांबला. हातातला चिमटा टाकून ती पळत सुटली. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला गोंधळाची भीती नसते. मुलं शांत झाली की ती धास्तावते: कुणीतरी काहीतरी गिळलं, कुणीतरी गजातून डोकं घातलं.

तसं काही नव्हतं. मुलं भिंतीशी ओळीने बसली होती. समोर भिंगरी गुडघ्यावर बसून एका तीन वर्षांच्या पोराचे पाय दोन्ही बाजूंना दाबत होती. पोराचे डोळे भरले होते, ओठ थरथरत होते, पण आवाज नव्हता. भिंगरी अगदी मऊ आवाजात म्हणत होती, "सात... आठ... रडायचं नाही हं राजा. रडलास तर सगळ्यांचं परत एकपासून."

मावशीने पोराला उचललं. छातीशी धरल्यावर त्याने टाहो फोडला, आणि भिंगरीने दचकून दोन्ही कान झाकले.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"असंच असतं. मी रडले की सगळ्यांचं एकपासून. मग सगळी माझ्याकडे बघतात."

"आजपासून जायचं नाही तिकडे."

"नाही गेले तरी त्यांचं एकपासून होतं, आई!" पोर पांढरीफटक पडली होती.

आपण काय करून बसलो ते मावशीला त्या क्षणी कळलं. या दोन खोल्यांत जी शांतता ऐकून ती जिवाच्या आकांताने धावली असती, तीच त्या हॉलच्या दारात तिला गोड लागली होती. तेवढ्यात बाटल्या करपल्याचा वास आला. ती आत जाऊन गॅस बंद करते तोवर भिंगरी पिशवी घेऊन जिना उतरून गेलीही होती.

पाळणाघर टाकून जाणार कशी? नेमकी एका बाळाची आई लवकर आली. "जरा बसा, कुणाला गजाजवळ जाऊ देऊ नका," एवढं सांगून मावशी चपला न घालताच निघाली.

हॉलचं दार बंद होतं. तिने थापा मारल्या. आत मोजणी चालूच. तिने पुन्हा थापा मारल्या. दार उघडलं, आणि मॅडम हसून म्हणाल्या, "ताई, मध्येच आलं की मुलांचं लक्ष विचलित होतं. बाहेर थांबा ना. आज भिंगरीचं छान जमतंय."

त्यांच्या खांद्यावरून मावशीला दिसलं. दोन लाकडी खोक्यांवर एकेक पाय, आणि मधल्या पोकळीत भिंगरी ताणलेली. एक मोठी मुलगी तिचे खांदे खाली दाबत होती. भिंगरीचा चेहरा दगडाचा. आईला बघून तिची हनुवटी जराशी थरथरली, तशा ओळीतल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. एका मुलीने ओठांवर बोट ठेवलं.

मॅडम दार लोटू लागल्या. मावशीने फटीत पाय घातला, आणि आयुष्यभर मुलांना गप्प करत आलेल्या त्या बाईने सगळा हॉल दणाणेल अशा आवाजात हाक मारली:

"भिंगरे, रड! रड गं राणी, मोठ्यांदा रड! मोजू देत त्यांना परत एकपासून!"