रुमाल टाकून पाहिलेली बंदरं

आमच्या शनिवार पेठेतल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे श्रीनिवास मेहेंदळे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, असं कागदोपत्री म्हणतात. त्यांचा खरा पेशा जागा धरणे हा आहे आणि त्यातून ते अजून निवृत्त व्हायचे आहेत.

पुण्यात जागा म्हटलं की लोक आधी भाव विचारतात, म्हणून सांगून ठेवतो. ही जागा बसायची. एसटीतली, पंगतीतली, दवाखान्याच्या बाकावरची, विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवरच्या दुकानाच्या पायरीवरची. रिकामी जागा दिसली की श्रीनिवासरावांचा हात आपोआप खिशाकडे जातो आणि खिशातून रुमाल निघतो. तिथं कोणाला बसवायचं हा प्रश्न पुढचा.

स्वारगेटला त्यांचा हात एके काळी बघण्यासारखा होता. गाडी फलाटाला लागायच्या आत, ती वळत असतानाच, हा माणूस तिच्या बाजूनं पळत खिडकीतून रुमाल असा सोडायचा की तो बरोबर सीटवर जाऊन पसरायचा. गर्दी फार असली तर छत्री जायची, पिशवी जायची. एकदा आमची मुलगी कादंबरी, तेव्हा चार वर्षांची, खिडकीतून आत गेली. आम्ही मागून दारातून चढेपर्यंत ती तीन सीटवर आडवी पडून "माणूस येतोय, माणूस येतोय" म्हणत होती. शिकवणी श्रीनिवासरावांची. गाडी साताऱ्याची निघाली आणि आम्हाला जायचं होतं महाडला, हा भाग वेगळा. "पण जागा कशी मिळाली बघा," असं ते उतरतानासुद्धा म्हणाले.

रुमालाचंही त्यांचं एक शास्त्र आहे. पांढरा नको, तो कोणीही उचलतो. चौकड्यांचा हवा. आणि मुख्य म्हणजे धुतलेला नको. "स्वच्छ रुमालाची भीती राहत नाही लोकांना," ते सांगतात. "थोडा वापरलेला असला की माणूस दोनदा विचार करतो."

या सगळ्यात एक गोष्ट आमच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. हा माणूस स्वतः कधी बसत नाही. एक जागा धरली, तिथं कोणाला टेकवलं, की लगेच पुढची धरायला निघाला. नाटकाला सगळ्यांना ओळीनं बसवून स्वतः दाराशी, कारण मध्यंतरात वड्याच्या रांगेत पुढं राहायचं असतं. वडा घेऊन आले की पुन्हा दाराशी, कारण पार्किंगमधून गाडी आधी काढायची असते. स्वतःच्या लग्नात विहिणीची पंगत मांडली गेली तेव्हा नवरदेव सापडेना. ते बायकोच्या मामांसाठी पंख्याखालचे पाट धरून उभे होते.

ती बायको म्हणजे सरोजिनीबाई. शाळेत भूगोल शिकवायच्या. पश्चिम किनाऱ्यावरची बंदरं उत्तरेकडून दक्षिणेकडे त्यांनी मुलांच्या इतक्या तुकड्यांकडून म्हणून घेतली, की त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून 'मुरगाव' म्हटलं तर तो 'मंगळूर' म्हणून कूस बदलतो. स्वतः मात्र त्यांनी नकाशावर ठिपका देण्यापलीकडे एकही पाहिलं नव्हतं. म्हणून त्यांच्या मुलानं, सलीलनं, दोघांना क्रूझची सहल दिली. मुंबईहून निघायचं, मुरगाव, मंगळूर, कोची करून परत. सोबतीला आम्ही दोघं, मी आणि माझी बायको शैला, आमच्या खर्चानं.

सलील निघताना म्हणाला, "बाबा, तिथे सगळं बुक्ड असतं. रूम बुक्ड, डायनिंग बुक्ड. तुम्ही फक्त चिल करायचं."

"जागा नंबरावर आहे का?"

"बाबा, प्लीज."

मुंबईला जाताना गाडीत सरोजिनीबाई बोलल्या, आमच्यासमोरच. "अहो, एक सांगते. इतकी वर्षं तुम्ही मला प्रत्येक ठिकाणी चांगली जागा दिलीत. शेजारी मात्र कायम परकं माणूस बसलं. या खेपेला मला एक बंदर तुमच्या शेजारी बसून बघायचंय. एकच. बाकीच्या वेळी काय धरायचं ते धरा."

"एकच काय, तिन्ही बघू," श्रीनिवासराव म्हणाले. "शब्द देतो."

आणि टोल नाक्याला गाडी थांबल्याबरोबर, शेजारची रांग लवकर सरकतेय का ते बघायला खाली उतरले.

जहाज सुटायच्या आधी आपत्कालीन तालीम झाली. बोट संकटात सापडली तर कोणी कुठं उभं राहायचं, ते दाखवतात. श्रीनिवासराव सर्वांत आधी तिथं पोहोचले आणि आमच्या तिघांचीच काय, नागपूरच्या एका अनोळखी कुटुंबाचीही जागा धरून उभे राहिले. सूचना संपल्यावर त्यांनी अधिकाऱ्याला विचारलं, "लाइफबोटीत सीटला नंबर असतात का?"

"नो सर. एव्हरीवन गेट्स अ प्लेस."

श्रीनिवासरावांचा चेहरा उतरला. सगळ्यांना जागा मिळते, या वाक्यावर त्यांचा जन्मात विश्वास बसलेला नाही. संध्याकाळी आम्ही डेकवर समुद्र बघत होतो आणि ते मान वर करून टांगलेल्या लाइफबोटी बघत होते. "चढायचं दार डावीकडे दिसतंय," मला हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवरच्या आरामखुर्च्यांवर चौकड्यांचे चार रुमाल पसरलेले होते. आम्ही नाश्ता करून येतो तो खुर्च्या आहेत, रुमाल नाहीत. दुपारी केबिनच्या दाराला एक कागदी पिशवी लटकलेली. आत चारही रुमाल धुऊन, कडक इस्त्री करून. कोणी तरी विसरले असतील म्हणून जहाजावरच्या लोकांनी कर्तव्य केलं होतं.

"सेवा चांगली आहे," श्रीनिवासराव म्हणाले, पण चेहऱ्यावर प्रेतकळा होती. कारण उघड होतं. दुसऱ्या खेपेला त्यांनी त्यातला एक खुर्चीवर टाकला, तर एका बाईंनी तो उचलला, त्यानंच खुर्ची पुसली आणि "थँक यू" म्हणून बसल्या.

मुरगावला उतरून बसनं पणजीला गेलो. मांडवीच्या पलीकडे जाणारी फेरीबोट लागलेली होती. श्रीनिवासराव सवयीनं पळत सुटले, गर्दीतून वाट काढत आत शिरले आणि मध्येच थबकले. तिथं बसायला जवळजवळ काहीच नव्हतं. स्कूटरी आणि माणसं एकमेकांना टेकून उभी. एखाद्या पहिलवानाला आखाड्याऐवजी बुद्धिबळाच्या पटापुढं उभं करावं तसे ते दिसत होते. सरोजिनीबाई कठड्याला धरून उभ्या होत्या, वाऱ्यानं पदर उडत होता, चेहऱ्यावर ठिपक्याचं गाव झाल्याचा आनंद. "अहो, इकडे या ना, ते बघा गलबत!"

"आलोच," म्हणून ते गेले ते परतीच्या बसमध्ये खिडक्या धरायला. पलीकडच्या काठाला पाय लागताच त्याच बोटीनं उलटे फिरले. आम्ही तिघं पलीकडे हिंडून, भजी खाऊन आलो तेव्हा बसमध्ये सावलीच्या बाजूच्या चार खिडक्या आमची वाट पाहत होत्या. पुढच्या तीन सीटवर रुमाल, चौथ्यावर त्यांची टोपी, आणि ते दारात उभे.

"झालं एक बंदर," सरोजिनीबाई बसताना म्हणाल्या.

"आणखी दोन आहेत," ते म्हणाले.

मंगळूरला त्यांनी पक्कं ठरवलं होतं, हे मी साक्षीला राहून सांगतो. सकाळपासून त्यांनी खिशाला हात लावला नव्हता. जुन्या बंदराच्या भागात, माशांच्या पाट्या चुकवत, सरोजिनीबाईंबरोबर ते चक्क पंधरा-वीस पावलं सारख्या चालीनं चालले. मग नदीपार बेंगऱ्याला जाणारी होडी दिसली. लाकडी, छपराची, आणि दोन्ही बाजूंना बसायच्या फळ्या. लोक भराभर चढत होते. माझ्या डोळ्यांदेखत या गृहस्थाचे कान टवकारले.

"तुम्ही या सावकाश," म्हणाले आणि गेले.

शैलाच्या चपलेचा अंगठा तुटला होता, म्हणून आम्हाला थोडा वेळ लागला. थोडा म्हणजे थोडाच. धक्क्यावर पोहोचलो तेव्हा होडी सुटली होती. पुढच्या फळीवर, पाण्याकडेच्या बाजूला, चार उत्तम जागा. तीन जागांवर रुमाल, आणि त्यांच्यापुढं हात आडवे पसरून उभे असलेले श्रीनिवासराव. उभ्या माणसांची गर्दी त्यांना कानडीत आणि तुळूत काही तरी सांगत होती आणि ते मराठीत ओरडत होते, "अहो, येताहेत! माणूस येतोय!"

सरोजिनीबाईंनी धक्क्यावरून हात हलवला. निरोपाला हलवतात तसा.

पुढच्या होडीनं जावं तर ते तिथून परत निघालेले असणार, आणि ते येईपर्यंत थांबून मग चौघांनी जावं तर जहाजावर परतायची बस सुटणार. ते परत आले तेव्हा तीच वेळ झाली होती. मान खाली घालून पायऱ्या चढले. हातात तीन रुमाल, पाण्याच्या शिंतोड्यांनी ओले.

"पलीकडे कसं आहे?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"बघितलं नाही. रुमाल गोळा करत होतो."

पुणेरी माणसाला या ठिकाणी निदान चार वाक्यं सुचतात. सरोजिनीबाई मात्र त्या रात्री जेवताना नागपूरच्या कुटुंबाच्या टेबलावर जाऊन बसल्या. श्रीनिवासराव आमच्या टेबलाशी एका रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभेच राहिले. वाढप्यानं तीनदा "सर, प्लीज सीट" म्हटलं.

"माणूस येतोय," ते हळूच म्हणाले. माणूस काही आला नाही.

कोचीला मी आणि श्रीनिवासराव उठायच्या आधीच सरोजिनीबाई उतरून गेल्या होत्या. उशीवर चिठ्ठी वगैरे काही नाही. शैलाला दारात सांगून गेल्या होत्या, "मी फोर्ट कोचीला जातेय, चिनी जाळी बघायला. विचारलं तरच सांग."

श्रीनिवासरावांनी विचारलं आणि त्यानंतर पाच मिनिटांत आम्ही तिघं रस्त्यावर होतो. एर्नाकुलमच्या धक्क्यावर फोर्ट कोचीची बोट लागलेली होती. अर्धी रिकामी. खिडकीच्या जागा मोकळ्या, खिशात रुमाल, आणि हा माणूस सबंध वेळ बोटीच्या तोंडाशी उभा. कधी एका पायावर, कधी दुसऱ्या. "ही बोट हळू आहे का हो?" मला विचारलं. मी म्हटलं, बोटी अशाच असतात. "तिला गर्दीत घाबरायला होतं," ते म्हणाले. थोड्या वेळानं, "नाही, मला होतं. तिला नाही."

बोट लागल्यावर त्यांनी चिनी जाळ्यांपाशी शोधलं. ती जाळी म्हणजे बांबूंच्या सांगाड्यावर टांगलेले अवाढव्य झोळे. दगड बांधलेले दोर ओढून चार-पाच माणसं ते पाण्यात सोडतात, वर काढतात, पुन्हा सोडतात. श्रीनिवासराव एकेका जाळ्यामागं डोकावत होते. मासळीच्या टोपल्यांमागं डोकावले. मला तर वाटलं, आता जाळंही वर काढून बघायला सांगतात.

समुद्राच्या कडेनं दगडी कठडा गेलाय आणि सकाळची माणसं त्यावर चिमण्यांसारखी बसली होती, खांद्याला खांदा लावून. त्या अख्ख्या रांगेत एका माणसापुरती फट होती. फटीत चौकड्यांचा रुमाल पसरलेला, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर एक खडा. आणि शेजारी सरोजिनीबाई. एक जाडजूड गृहस्थ कमरेवर हात ठेवून त्यांना मल्याळीत काही विचारत होते. त्यांचा रोख रुमालाकडे होता.

"माणूस येतोय," सरोजिनीबाई स्वच्छ मराठीत म्हणाल्या.

गृहस्थांनी पुन्हा काही तरी सांगितलं, जरा चढ्या आवाजात.

"येतोय म्हटलं ना! वेळ लागतो त्यांना. सवय नाहीये." आणि रुमालावर तळहात दाबून धरला. नवऱ्याचा हात मी स्वारगेटला पाहिलेला आहे. हा त्याहून पक्का होता.

श्रीनिवासराव जागच्या जागी उभे राहिले. कोणी तरी त्यांच्यासाठी जागा धरलीये, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरायला वाट शोधत असावी. मग पुढं झाले, त्या गृहस्थांना "सॉरी" म्हणाले, खडा उचलून खाली ठेवला, रुमाल उचलला आणि त्याचं काय करायचं ते न कळून हातातच धरून बसले. शैला आणि मी मागं उभे राहिलो. आमच्यासाठी जागा नव्हती. बाईंनी एकच धरली होती.

"धुतलेला नाहीये ना?" त्यांनी रुमालाचा वास घेत विचारलं.

"तुमच्या पँटच्या खिशातनं काढलाय. जहाजावरच्या लोकांच्या हाती लागू दिला नाही."

जाळं पाण्यात गेलं. वर आलं. त्यात मासे थोडे आणि पाणी फार होतं. सरोजिनीबाई दूर दीपस्तंभासारखं काही दाखवत होत्या, मुखाशी गाळ कसा साचतो, बंदर कसं तयार होतं ते सांगत होत्या. ते मान हलवत होते, पण मान हलता हलता डावीकडे वळत होती. डावीकडे बोटीचा धक्का होता आणि तिथं परतीची रांग लागायला सुरुवात झाली होती. बूड कठड्यावरून इंचभर उठलं.

"तिकडे रांग लागली गं."

"लागू दे."

"मी नुसता जाऊन..."

"अहो."

बूड खाली आलं. भोंगा वाजला. बोट आली, रांग पोटात घेतली, कलंडल्यासारखी झाली आणि निघाली. ती अगदी ठिपका होईपर्यंत श्रीनिवासरावांनी तिच्यावरची नजर हलवली नाही. तिच्यात रिकाम्या फळ्या होत्या, हे त्यांना इतक्या लांबूनही दिसत असणार.

"दुसरी येते म्हणा," ते म्हणाले.

"येते."

"पण तिच्यात जागा मिळेल का?"

"मिळाली की," सरोजिनीबाई म्हणाल्या, आणि समुद्राकडे बघत राहिल्या.

श्रीनिवासरावांनी रुमालाची घडी केली, मोडली, पुन्हा केली. शेवटी तो खिशात गेला. उजवा पाय तेवढा हलत होता, अखेरपर्यंत.