नोझल ऐकणारे काका

"गप्प बसा! सगळेच्या सगळे गप्प बसा!"

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आमच्या शेजारचे काका खाली ओरडत होते. खाली परळच्या रस्त्यावर अख्खा मोर्चा. मी दहा हजार माणसं म्हणतो, तुम्ही हवं तर पाचशे धरा. 'मुंबईसह संयुक्त' इथपर्यंत आलेली घोषणा तिथंच लटकली.

गैरसमज नको. काका महाराष्ट्राच्या विरोधात नव्हते. मागच्याच मोर्चात त्यांनी पाठीवर लाठी खाल्ली होती. त्यांना फक्त नोझल ऐकायचं होतं.

नोझल म्हणजे डिझेल इंजिनात तेलाचा फवारा मारणारी बोटभर पिचकारी. आत एक सुई, टोकाला केसाएवढी भोकं. त्यात घाण बसली की इंजिन दमेकऱ्यासारखं खोकतं आणि मग बसतं. काका आठवडाभर लॉऱ्यांच्या वर्कशॉपात राबत आणि रविवारी गॅलरीत, जुन्या दाराच्या फळीवर, लोकांची नोझलं उघडून रॉकेलमध्ये धूत. त्या घरातल्या आमटीला काडी लावली असती तर पेटली असती. काकू म्हणत, "माहेरी गेले तर वहिनी मला चुलीजवळ बसू देत नाही."

धुतलेली सुई काका नोझलच्या नळीत उभी सोडत. ती आपल्या वजनानं हळूहळू खाली सरकली पाहिजे, ढकलायची नाही. "झालं का काका?" विचारलं की म्हणत, "मला काय विचारतोस? सुईला विचार." मग नोझल डिझेल भरलेल्या छोट्या हातपंपाला लावून दांडा दाबत. धुकं उडून 'कुर्र' असा आवाज आला की नोझल पास. काकूंच्या तीन हाका त्यांना ऐकू येत नसत, पण रस्त्यावरच्या लॉरीचं कितवं नोझल ठिबकतंय ते मात्र वरून कळे. एका ड्रायव्हरला त्यांनी ओरडून सांगितलं, "तीन नंबर!" तो हसला आणि भोईवाड्याच्या नाक्यावर बंद पडला. हे मी स्वतः पाहिलंय. निदान पाहिलेल्या माणसाला पाहिलंय.

तर त्या रविवारी काकांसमोर वरळी कोळीवाड्यातला एक कोळी उभा होता. त्याचा भाऊ शिडाची होडी घेऊन गेलेला, काल परतायला हवा होता. वारा साफ पडलेला. शोधायला जाऊ शकेल अशी इंजिनाची होडी एकच, ह्याची. आणि तिचं नोझल तुंबलेलं.

"कोण रे तो महाराष्ट्रद्रोही?" खालून कुणीतरी गरजलं. चार दांडगे जिन्याकडे धावले.

कोळी कठड्यावरून वाकला. "अरे, माझा भाऊस दर्यात अडकलाय! ऐकू द्या रे काकांना!"

लाठ्यांना न बधलेला मोर्चा गप्प झाला. एकानं तर खोकला धोतराच्या सोग्यात कोंबला.

काकांनी दांडा दाबला. नुसती धार पडली, आवाज नाही.

"चिकटतेय," काका म्हणाले. सुई काढली, पुन्हा धुतली, पुसली, नळीत सोडली. ती जागची हलेना. कोळ्याचे ओठ हलत होते, बहुधा नवस बोलत असावा. खाली कुणी पाय हलवला नाही. मग सुई सरकली. काकांनी दांडा दाबला.

कुर्र!

खाली असा जल्लोष झाला, की महाराष्ट्र मिळाला समजून पलीकडच्या चाळीत एकानं पेढे वाटले. कोळी नोझल रुमालात गुंडाळून जिना उतरला आणि मोर्चा त्याला वाट देत दुभंगला.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ सुरमई घेऊन आले. तिची लांबी सांगत नाही. तुम्ही उठून जाल. दर्यात अडकलेल्या धाकट्याचे ओठ खारानं फुटले होते. तो काकांच्या पायांवर पडला. "काका, प्यायचं पाणीबी संपलं होतं. तुमच्यामुळं किनारा बघितला."

काकांनी हात पुसले.

"भावाला सांग, डिझेल फडक्यानं गाळून भरत जा."