खालूंच्या डोळ्यावरचा पडदा

आमच्या खालूंना, म्हणजे मावशीच्या नवऱ्याला, दुखणं सांगायचं असेल तर आधी हात-पाय धुवावे लागत. म्हणजे नमाजाआधी करतात तसा रीतसर वुजू करायचा, खुर्चीत बसायचं, तीन चांगल्या गोष्टी, म्हणजे अल्लाहच्या नेमती, सांगायच्या, प्रत्येकीवर अल्हम्दुलिल्लाह म्हणायचं, आणि मग चौथ्या नंबरला, वेळ उरलाच तर, तक्रार. मध्येच "आई गं" निघालं की पुन्हा वुजूपासून.

हा नियम खालाचा, म्हणजे मावशीचा. तिने मोबाइलवर बारा आठवड्यांचा पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचा कोर्स केला आणि तेराव्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की हे सगळं आपल्या दीनमध्ये, म्हणजे धर्मात, आधीपासून आहेच. त्यांची कृतज्ञता म्हणजे आपला शुक्र, त्यांची चिकाटी म्हणजे आपला सब्र. इथपर्यंत ती बरोबरच होती. पण सब्र म्हणजे गप्प बसणं हा अर्थ तिने स्वतःच्या पदरचा घातला, आणि सरावाला घरात आयता नवरा होता.

खालू घड्याळं दुरुस्त करायचे. कपाटाएवढं दुकान, त्यात एक स्टूल, एक दिवा आणि डाव्या डोळ्याला भिंग. तीस वर्षं त्यांनी डोळ्यांत तेल घालून केसाएवढ्या स्प्रिंगा बसवल्या. दुकानात गिऱ्हाइकावर खेकसायचे, "हे घड्याळ आहे, नारळ नाही आपटायला." घरी मात्र गरीब गाय. सारख्या वुजूमुळे बोटं कायम ओली, आणि घड्याळाला पाणी म्हणजे विष. पण ही चौथ्या नंबरची गोष्ट, तिची पाळी कधी आलीच नाही.

एका सोमवारी त्यांना डाव्या डोळ्यापुढे काजळीचे ठिपके उडताना दिसले. माशा समजून त्यांनी दिवसभर फडकं झटकलं. मंगळवारी वीज चमकल्यासारखं व्हायला लागलं. बुधवारी सकाळी नाकाच्या बाजूने काळं काहीतरी आत सरकलं आणि तिथेच थांबलं. भिंग लावलं तर अर्धंच घड्याळ दिसलं. खालू घाबरले. हा डोळा गेला तर धंदा गेला, एवढं त्यांना पुरतं कळत होतं. दुकान बंद करून ते घरी आले.

घरी खालाचा वर्ग भरलेला. सतरंजीवर अकरा बायका, मांडीवर अकरा शुक्राच्या वह्या. खाला मधाळ आवाजात, प्रत्येक शब्दाला उशी लावून, "श्वाऽस घ्या, नेमऽत आठवा" करत होती. नवरा दारात दिसल्यावर तिला प्रात्यक्षिकच मिळालं. डोळ्याला काहीतरी झालंय, असं ते सुरू करणार तोच तिने बोट वर केलं. खालू मुकाट्याने वुजू करून आले आणि सतरंजीच्या कडेला उभे राहिले. पहिली चांगली गोष्ट, घर आहे. दुसरी, दुकान आहे. तिसरी काही सुचेना. घाईघाईत त्यांनी तक्रारच तिसऱ्या नंबरला ढकलली.

"तिसरी म्हणजे... डोळ्यावर पडदा आलाय."

खाला उठून बायकांकडे वळली.

"ऐकलंत? पुरुषमाणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय, माझ्या नजरेवर पडदा आलाय, परक्या बाईकडे ती वळतच नाही. याहून मोठी नेमत कुठली, बायांनो?"

अकरा माशाल्लाह एका दमात पडले. खालू म्हणत होते की तसा नाही, खराखुरा पडदा, काळा. तिने प्रेमाने दटावलं की आता नम्रपणा नको. एका बाईने तर स्वतःच्या नवऱ्याला असा पडदा यावा म्हणून दुआ मागितली. बिचारे खालू, तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

शुक्रवारी नमाजनंतर ते मशिदीच्या खांबावर आपटले. मौलवीसाहेबांनी काय झालं ते विचारलं, वुजू-बिजू काही न लावता ऐकून घेतलं आणि हाताला धरून सरळ दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब टाकून बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, आतला पडदा सुटलाय. बुधवारी आला असतात तर मधला भाग वाचला असता. ऑपरेशन करू, पण बारीक काम विसरा.

खाला धावत आली. मौलवीसाहेब तिला म्हणाले, "हजरत याकूब हरवलेल्या मुलासाठी रडून रडून आंधळे झाले, तरी अल्लाहने त्यांना बेसब्र नाही म्हटलं. दुखणं सांगायला मनाई कुणी केली, बाई?" खालाने मान डोलावली, पर्समधून वही काढली आणि मुद्दा उतरवून घेतला. पुढच्या वर्गासाठी.

घरी येताना गाडीत तिने खालूंचा हात धरला आणि हळूच म्हणाली, चला, तीन गोष्टी. त्यांनी सांगितल्याही. उजवा डोळा आहे. दवाखाना जवळ आहे.

"आणि तू डावीकडे बसलीस की दिसत नाहीस."

खालाने वहीत लिहिलं, विनोदबुद्धी शाबूत.

ऑपरेशन झालं. आता खालू सेल बदलतात आणि पट्टे बसवतात. बारीक काम समोरच्या दुकानात जातं, ज्याच्या कारागिराला ते कालपर्यंत हमाल म्हणायचे. खाला वर्गातल्या बायकांना सब्राचा जिवंत नमुना बघायला दोघी-दोघी पाठवते. त्या काउंटरपाशी उभ्या राहतात, खालूंच्या पांढुरक्या डोळ्याकडे ओल्या नजरेने बघतात. खालू प्रत्येकीच्या गळ्यात नवा पट्टा मारतात.

परवा एकीने विचारलं, खालू, तुम्हाला राग नाही येत हो? तिच्या मनगटावर पट्टा ओढून त्यांनी शेवटच्या भोकात अडकवला. ती म्हणाली, घट्ट होतोय.

"होईल सवय," खालू म्हणाले, आणि पुढचीला हात पुढे करायला सांगितलं.