पहिला प्रश्न

"तुला बरं जमतं गं त्या वस्तीतल्या खोल्यांमधून बसायला. तुम्हा लोकांना सवयच असते."

सर हसत म्हणाले. मी खुर्च्यांवर त्यांच्या पुस्तकाची पत्रकं ठेवत होते. मीही हसले. काय करणार? ते माझे गाईड. माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

बालीगंजमधला गारेगार हॉल. सर मराठीच, पण जन्म कोलकात्यात गेलेला. बाबांची बँकेतून इथं बदली झाली तेव्हा पहिल्या भेटीत सरांनी आडनाव दोनदा विचारलं होतं. दुसऱ्यांदा विचारलं ते कशासाठी, हे बाबांनाही कळलं आणि मलाही.

"पहिला प्रश्न तू विचारायचा," सरांनी बजावलं. पुस्तकावर लेखक बोलला आणि एकही हात वर झाला नाही तर शोभा होते, म्हणून आपलं माणूस बसवून ठेवायचं. प्रश्नही त्यांनीच दिला. "सर, त्या बायकांचा विश्वास तुम्ही कसा मिळवला?"

विश्वास! बजबजच्या ज्यूट मिलमधल्या बायकांकडे लोकलने जात होते मी. सर एकदाही आले नाहीत. त्यांच्यातल्या फुलमतीदीदीने सरदाराचे, म्हणजे मिलमधल्या मुकादमाचे, चाळे मला सांगितले, तेही दार लावून, माझा हात घट्ट धरून. "दीदी, चेहरा मत दिखाना. काम चला जाएगा." मी शब्द दिला. गावाकडच्या मुलीला पाठवायला म्हणून तिनं माझ्या मोबाईलवर एक फोटो काढून घेतला होता. पण माझ्या मोबाईलमधलं सगळं सरांच्या कॉम्प्युटरवर जायचं. तसा नियमच होता. तो फोटो छापायचा नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं.

सर बोलायला लागले. इंग्रजीत. हे पुस्तक कसं सुचलं, आपण त्या वस्तीत कसे रमलो. आणि मागच्या पडद्यावर फुलमतीदीदी आली. भिंतभर चेहरा. खाली नाव.

पहिल्या रांगेत त्याच मिलचे एक संचालक बसले होते, सरांचे स्नेही. मान तिरकी करून ते फोटो बघत होते. तिचं काम गेलं तर? सरदार तिच्या दारात गेला तर? पळून जावं असं वाटलं. खरंच वाटलं.

टाळ्या झाल्या. सरांनी माझ्याकडे बोट केलं. माईक हातात आला.

"सर, त्यांचा विश्वास मी मिळवला. चेहरा दाखवणार नाही, असा शब्द देऊन. तो फोटो आधी काढा."

सर हसत राहिले आणि अगदी गोड आवाजात मराठीत म्हणाले, "खाली बस. सही हवीय ना तुला?"

तिथं आम्हा दोघांशिवाय कुणाला मराठी कळत नव्हती. त्यांना तेच हवं होतं. माझ्या आईच्या भाषेत मला धमकी.

तरी मी ते वाक्य जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. सगळ्या हॉलला. मग सरांचं हसू गेलं. कुणीतरी पडदा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बजबजला गेले. तिला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं. तिनं सगळं ऐकलं. आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. तिचं चुकलं नाही.

सही झालेली नाही, होणारही नाही बहुतेक. फोन वाजला तरी अजून छातीत धडधडतं. पुस्तकात मात्र तो चेहरा तसाच आहे.

सरांचा पुढचा कार्यक्रम एस्प्लनेडला आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार. तो फोटो पुस्तकातून निघेपर्यंत प्रत्येक हॉलमध्ये पहिला हात माझा वर असेल.