जेवणानंतरचा समुद्र

इटलीतल्या चिलेंतोच्या किनाऱ्यावरची ती पांढरी व्हिला तितीना आपलीच समजत असे. कागदोपत्री घर नेपल्सच्या दोन्ना एल्वीरांचं. पण गाद्यांना ऊन दाखवणं, बिजागऱ्यांवरचं मीठ खरवडणं, मुंग्यांच्या आधी अंजिरं उतरवणं, सगळं तिच्याकडे. बाईंचा मुलगा रुज्जेरो तर तिच्याच धाकात पोहायला शिकला.

बाई गेल्या आणि रुज्जेरोने घर उन्हाळ्यापुरतं भाड्याने द्यायचं ठरवलं. पहिल्याच पाहुण्यांनी तक्रार केली तर किल्ल्या एका एजन्सीच्या हाती जातील, तेव्हा त्यांच्यात लुडबूड करू नकोस, असं तो तितीनाला बजावून गेला.

पाहुणे आले डेन्मार्कचे. नवरा-बायको आणि तीन पिंगट पोरं. बायको कर्स्टन हिला मोडकंतोडकं इटालियन येई. दुधाची कॉफी ही सकाळीच प्यायची गोष्ट, पण ही मंडळी ती भरपेट जेवणावर पीत. तितीना भिंतीकडे पाही. ओल्या केसांनी वाऱ्यात बसत. तितीनाने तेही गिळलं. पण एका दुपारी वांग्याचा पास्ता हादडून पोरं तडक पाण्याकडे निघाली आणि तिचा धीर सुटला. भरल्या पोटी समुद्रात शिरलं की कळ येऊन माणूस बुडतो, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती धावली, किनाऱ्याकडच्या फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

"चारपर्यंत समुद्र बंद," तिने सांगून टाकलं.

कर्स्टन गोंधळली. "समुद्र बंद? कोणी केला?"

"पोटातल्या वांग्यांनी. जेवण उतरलं की उघडेन."

स्वयंपाकघरात येऊन बसल्यावर मात्र तिला रुज्जेरोचं बजावणं आठवलं. केली ना लुडबूड! आता फोन जाणार, आणि या घराचं दार परक्या हातांनी उघडणार. बाहेर पोरांची कुरकुर काही वेळ चालली, मग तीही थांबली. तिने डोकावलं तर द्राक्षवेलीखाली बापासकट सगळे आडवे, तोंडं उघडी.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच पोरांनी आपणहून चटया अंथरल्या. तितीनाला हायसं वाटलं, पण भीती गेली नाही. त्यातच शनिवारी रुज्जेरो गाडीतून उतरला तो कपाळाला आठ्या घालूनच. समुद्राला कुलूप लागतं असं पाहुण्यांनी कळवलं होतं म्हणे. ते नंतर बघतो, आधी एक डुबकी मारतो, म्हणून त्याने किल्लीसाठी हात पुढे केला.

तितीनाने खिशावर हात ठेवला. "वाटेत काय खाल्लंस?"

"तळलेली मासळी. थोडीच."

"थोडी कुणाला सांगतोस? शर्टावर तेल दिसतंय."

"तितीना, मी पन्नाशीचा झालो."

"मग तर जास्तच जपायला हवं."

वेलीखालून कर्स्टनने ओठांवर बोट ठेवलं आणि त्याला हलक्या आवाजात सांगितलं, "झोपा. इथे नियम आहे. मुलं वर्षभरात एवढी शांत नव्हती. पुढच्या जूनमध्ये आम्ही बहिणीलाही आणतोय."

रुज्जेरो काही तरी बोलणार होता. पण सावली गार होती, मासळी जड होती. तो आरामखुर्चीत टेकला आणि घोरू लागला.

उठल्यावर डोळे चोळत तो म्हणाला, "ऐक, पुढच्या वर्षी दोन कुटुंबं येणार. वरची खोली उघडावी लागेल तुला."

"उघडेन," तितीना म्हणाली, "पण आधी तोंड धुऊन ये. गालावर खुर्चीचे वळ उठलेत."